ट्वायला योस्टची बोटं

कोल्स बेंड, ओहायो
१७ फेब्रुवारी २०११

प्रिय ड्रीमा,

फोन न करता पत्र लिहितेय, कारण आपल्या फोनचा इतिहास तुला ठाऊक आहे. चौथ्या मिनिटाला तू ओरडतेस, पाचव्या मिनिटाला मी रिसीव्हर आपटते, आणि मग तीन महिने अबोला. पत्रात निदान माझं म्हणणं पुरं करता येतं.

तर बातमी अशी, की तुझ्या थोरल्या बहिणीला बोटांचे ठसेच नाहीत. थट्टा करत नाहीये. परीक्षा पास झाले, पदवीचा कागद फ्रिजच्या वर टांगला, आता फक्त राज्याचं लायसन्स मिळायचं राहिलंय. त्याशिवाय ऑक्युपेशनल थेरपिस्टला कुणाच्या शर्टाच्या बटणालाही हात लावता येत नाही. आणि लायसन्स देण्याआधी परवाना मंडळ बघतं की बाई गुन्हेगार तर नाही. दहा बोटं काचेवर ठेवायची, यंत्र ती वाचतं. माझी दोनदा परत आली. शेरा: ‘वाचता येत नाहीत.’ ठसे घेणाऱ्या मुलीने माझी बोटं उजेडात धरली आणि विचारलं, “मॅडम, तुम्ही आधी काय करायचात?” तिला वाटलं असणार, बँका लुटायचे. म्हटलं, एकोणीस वर्षं कपबशांच्या कारखान्यात ओल्या स्पंजाने कच्च्या कपांच्या कडा पुसल्या. अर्ध्या ओहायोच्या स्वयंपाकघरांत माझे ठसे असतील, फक्त माझ्याजवळ नाहीत.

नियम असा की दोनदा ठसे फसले की नावावरून शोध घेतात. मी दोन्ही नावं लिहून दिली, माहेरचं ट्वायला योस्ट आणि लग्नानंतरचं हॅकवर्थ. दोन्ही नावांनी आयुष्यात धड काही केलेलं नाही, तेव्हा सापडणार काय?

एल्म रिज वृद्धाश्रमाने माझी जागा पंधरा जूनपर्यंत धरून ठेवली आहे. शेहेचाळीस वर्षांच्या नवशिक्या बाईसाठी कुणी एवढं थांबत नाही. मला ही नोकरी फार हवी आहे गं. आईला अर्धांगाचा झटका आल्यावर ती थेरपिस्ट घरी यायची, आठवतं? लाकडी फळीत दोन खिळे ठोकून, त्यांवर सफरचंद रोवून तिने आईला ते एका हाताने सोलायला शिकवलं. आई त्या दिवशी जशी हसली तशी मी तिला नंतर पाहिली नाही. मी तेव्हाच ठरवलं की हेच करायचं. ठरवल्यावर नऊ वर्षं लागली, हा भाग वेगळा.

शेजारची मिसेस क्रिल अजून समजते की ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणजे लोकांना नोकऱ्या लावून देणारी. तिच्या जावयासाठी ती रोज विचारते.

तुझी,
ट्वायला

•

बकहॉर्न फोर्क, वेस्ट व्हर्जिनिया
२४ फेब्रुवारी

ट्वायला,

बसमध्ये बसून लिहितेय. सकाळची मुलं शाळेत उतरवली, दुपारची न्यायला अजून वेळ आहे. मागच्या सीटखाली कुणीतरी अर्धं सँडविच सोडलंय, ते कुठे आहे ते मला वासावरून कळतंय, दिसत नाहीये. पंधरा वर्षं शाळेची बस चालवून माणसाचं नाक असं होतं.

तुला ठसे नाहीत, मला अक्कल नाही. आईने दोघींचं सामान मिळून एकच माणूस केला असता तर बरं झालं असतं.

सोबत गाईच्या सडांना लावायच्या मलमाचा डबा पाठवतेय. हसू नकोस. इथे सगळे खाणकामगार हेच लावतात आणि त्यांचे ठसे उमटतात. बोटांना चोपड, सुती मोजे घालून झोप, आणि मंडळाला सांग की पुन्हा ठसे घ्या. हट्टच धर. नावाचं काय, एका नावाची शंभर माणसं असतात.

आणि हो, नावावरून शोधतात म्हणजे फक्त ओहायोत, की आमच्याकडेही? सहज विचारलं.

ड्रीमा

•

कोल्स बेंड
११ मार्च

प्रिय ड्रीमा,

डबा मिळाला. आठवडाभर लावतेय. मांजर आता माझ्याच उशीवर झोपतं आणि माझी बोटं चाटतं. त्यामुळे उरलेसुरले ठसेही जातील.

पण आता मलमाने भागणार नाही. मंडळाचं पत्र आलंय. ‘आपण अर्जात न कळवलेली एक शिक्षा आमच्या तपासात आढळली आहे. खुलासा करावा.’ ड्रीमा, मी आधी दाराला कडी लावली. कारण मला लगेच कळलं की ते काय आहे. गवत कापायची गाडी.

तुला मी हे कधी सांगितलं नाही. सत्त्याण्णव साली लॉइड मला सोडून गेला तेव्हा मोटार घेऊन गेला. मी तीन बिअर प्यायले, गवत कापायच्या गाडीवर बसले आणि त्याला जाब विचारायला सहा मैलांवरच्या बारकडे निघाले. ताशी चार मैलांचा वेग. मागून शेरीफच्या माणसाने दिवे लावले. मी थांबले नाही, ड्रीमा. मी त्याच्यापासून पळून जायचा प्रयत्न केला. तो गाडीतून उतरला आणि माझ्या बाजूने चालत चालत म्हणाला, “मॅडम, बंद करा आता.” मग त्याने मला घरी सोडलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. ते काय लिहिलं, हे विचारायची हिंमत मला चौदा वर्षांत झाली नाही. अर्जात ‘कधी शिक्षा झाली आहे का?’ या प्रश्नापुढे मी ‘नाही’ लिहिलं, कारण मी स्वतःला समजावलं होतं की गवत कापायची गाडी म्हणजे काही वाहन नव्हे.

आता मी तीन पानी कबुली पाठवून दिली आहे. काही लपवलं नाही. बिअरचा ब्रँडसुद्धा लिहिला. फार हलकं वाटतंय.

ट्वायला

•

बकहॉर्न फोर्क
१५ मार्च

ट्वायला,

तुझ्या हातात पेन देणं हाच गुन्हा आहे. मंडळाच्या पत्रात गवत कापायची गाडी असं कुठे लिहिलं होतं का? तू विचारलंस का की कोणती शिक्षा? नाही. कुणी दारावर टकटक केली की तू आतूनच ओरडतेस, ‘मीच केलं, मीच केलं.’ लहानपणी बरणी माझ्या हातून फुटायची आणि रडायचीस तू.

आता आणखी काही लिहू नकोस. कृपा करून. मलम लाव आणि ठसे दे.

ड्रीमा

•

कोल्स बेंड
२ एप्रिल

प्रिय ड्रीमा,

तुझं खरं होतं. मंडळाचं उत्तर आलं. तिथल्या मिसेस ऑड्री पेल यांनी लिहिलंय, ‘गवत कापण्याच्या गाडीविषयी माहिती दिल्याबद्दल आभार. ही घटना आमच्या नोंदीत नव्हती. ती आता घेतली आहे.’

घेतली आहे. मी स्वतः नेऊन दिली.

आणि पुढे: ‘आमची विचारणा १९९४ सालच्या, वेस्ट व्हर्जिनियातील, चौऱ्याहत्तर वर्षांच्या महिलेला मारहाण केल्याच्या शिक्षेविषयी आहे.’ नाव ओपल स्टेम्पल. नोंद ट्वायला योस्टच्या नावावर. जन्मतारीख माझी.

मी हे तीनदा वाचलं. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगू? पहिली दहा मिनिटं मी आठवून बघत होते की मी मारलं होतं का. मला माझी एवढीच खात्री.

ज्या बाईला म्हाताऱ्या माणसांचे हात धरून त्यांना चमचा धरायला शिकवायचंय, तिच्या नावावर म्हातारीला मारल्याची शिक्षा. याहून वाईट काही असू शकत नाही, आणि मिसेस पेल फोनवर तेच म्हणाल्या, फक्त सभ्य शब्दांत. त्या दिवशी मी कारखान्यात होते हे सिद्ध करायचं तर कारखाना बंद होऊन सात वर्षं झाली, हजेरीची पुस्तकं कुठे गेली कुणास ठाऊक. तिथल्या शेरीफकडे अटकेवेळी घेतलेलं ठशांचं कार्ड आहे. माझे ठसे उमटले असते तर पाच मिनिटांत मी सुटले असते. परवा तिसऱ्यांदा दिले. पुन्हा नापास. परीक्षेतही मी एवढ्या वेळा नापास झाले नव्हते.

अटकेचे कागद मागवलेत. अकरा मेला मंडळापुढे सुनावणी आहे. तुझ्याच भागातलं प्रकरण आहे गं, ही ओपल स्टेम्पल तुझ्या ऐकण्यात आहे का?

ट्वायला

•

(मलमाच्या दुसऱ्या डब्याला चिकटवलेली चिठ्ठी, १२ एप्रिल)

रोज तीनदा लाव. हयगय करू नकोस.
ड्री.

•

कोल्स बेंड
२१ एप्रिल

ड्रीमा,

कागद आले. सोबत अटकेवेळचा फोटो आहे.

मी तो मिसेस पेलना दाखवला आणि म्हटलं, ही मी नाही. त्यांनी फोटोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, “केस तेवढे बदललेत.” ते केस मी ओळखते. त्या वर्षीच्या ईस्टरला आईच्या सिंकपाशी तुला खुर्चीत बसवून ते मीच कुरळे केले होते. डाव्या बाजूला औषध जास्त वेळ राहिलं आणि ती बाजू मेंढीसारखी झाली. फोटोतही ती झालेली दिसते.

दोन महिने मला डबे पाठवत होतीस. मला वाटलं, केवढी ही माया. मी मिसेस क्रिलला सांगितलं की माझी बहीण तोंडाने फटकळ आहे पण जीव लावते. तुला माझ्या बोटांची काळजी नव्हती. माझे ठसे उमटले की मी सुटेन, आणि तुला तोंड उघडावं लागणार नाही, एवढंच होतं ते.

मी तुला विचारलं होतं, ओपल स्टेम्पल ऐकण्यात आहे का. तू मला मलम पाठवलंस.

मला फार लागलंय, ड्रीमा. का केलंस ते लिही. किंवा नको लिहूस.

ट्वायला

•

बकहॉर्न फोर्क
३० एप्रिल

ट्वायला,

चार कागद फाडले. हा पाचवा, कसाही होवो, टाकणार आहे.

गुरुवारचा बिंगो, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. खिडकीकडून तिसरी खुर्ची माझी. तीन वर्षं तीच. आकड्यांवर ठिपके मारायच्या शाईच्या बाटल्या मांडून मी कॉफी आणायला गेले, परत आले तर बाटल्या जमिनीवर आणि खुर्चीत ओपल. आमच्याकडे नवऱ्याची एक वेळ माफी होते, बिंगोच्या खुर्चीची होत नाही. मी म्हटलं, ऊठ. ती म्हणाली, “तुझी खुर्ची काय, तुला तर तुझा नवराही ठेवता आला नाही.” हॉल हसला. जेवणाच्या टेबलावर बटाट्याच्या सॅलडचं भांडं होतं, चिनी मातीचं. ते मी भिरकावलं. नेम खुर्चीवर होता, पण ओपल खुर्चीत होती. कपाळाला चार टाके पडले.

अकरा दिवसांनी घटस्फोटाच्या खटल्यात आमच्या कॅसीच्या ताब्याची सुनावणी होती. ती चार वर्षांची होती. रँडलचा वकील अशाच कशाची तरी वाट बघत होता. शेरीफच्या माणसाने ओळखपत्र मागितलं, आणि पर्समध्ये तुझं जुनं ड्रायव्हिंग लायसन्स होतं, एकवीस पुरी नसताना बारमध्ये जायला तुझ्याकडून उसनं घेतलेलं. मुदतही संपली होती. त्याने बघितलंच नाही. मी ते दिलं. ठरवून नाही, पण हाताला काय लागतंय हे मला कळत होतं.

न्यायाधीशाने दंड केला आणि ट्वायला योस्टला सहा महिने बिंगोच्या हॉलमध्ये यायची बंदी केली. मी मनाशी म्हटलं, ट्वायला कुठे बिंगो खेळते, तिला काय फरक पडणार? सतरा वर्षं मी हेच म्हणत आले. कॅसी माझ्याजवळ राहिली.

आता बसच्या नोकरीचं. दर ऑगस्टला फॉर्म येतो, कधी शिक्षा झाली आहे का? पंधरा वेळा ‘नाही’ लिहिलंय. खरं सांगितलं तर दुसऱ्या दिवशी किल्ल्या जातील. या कामाशिवाय मला दुसरं काही येत नाही, ट्वायला. एकोणपन्नास मुलं आहेत, कुणाला कुठल्या वळणावर उलटी येते तेसुद्धा मला ठाऊक आहे. शाळा नऊ जूनला सुटते. तोवर थांबशील का, असं विचारणार होते. पण तुझी सुनावणी अकरा मेला आहे, ते मला दिसतंय.

माफी मागायला मला तोंड नाही. तरी मागते.

ड्रीमा

•

कोल्स बेंड
१२ मे

प्रिय ड्रीमा,

काल सुनावणी झाली. तुझं पत्र पर्समध्ये होतं. ते टेबलावर ठेवलं असतं की मी मोकळी. मी तीनदा पर्स उघडली आणि तिन्ही वेळा रुमाल काढला. समोर बसलेल्या पाच जणांना वाटलं, बाईला सर्दी आहे.

मग त्यांनी विचारलं, “ओपल स्टेम्पल यांना तुम्ही मारलंत का?” आणि मी म्हटलं, हो.

शपथेवर. मी त्याग वगैरे केला असं समजू नकोस, मला त्यातलं काही जमत नाही. तिथल्या फुकटच्या वकिलाने बाहेर सांगितलं होतं की नाकारणाऱ्याला मंडळ वर्षभर लटकवतं आणि पश्चात्ताप करणाऱ्याला लवकर सोडतं. म्हणून मी पश्चात्ताप केला. इतका छान केला की मी खरंच रडले. कारण काय, विचारलं तर खुर्ची म्हटलं. एका सदस्यबाईंनी मान हलवली. त्या बिंगो खेळत असणार.

वर्षभर दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करायच्या अटीवर लायसन्स देऊ म्हणाले. एल्म रिजला ते चालेल. तेव्हा तुझ्या किल्ल्या तुझ्याजवळ ठेव आणि त्या एकोणपन्नास मुलांना घरी पोचव.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही. चार वर्षांच्या कॅसीचा चेहरा आठवला की थोडा कमी होतो, मग मेंढीसारखे केस आठवले की पुन्हा येतो.

ट्वायला

•

बकहॉर्न फोर्क
१२ मे

ट्वायला,

तुझी सुनावणी काल, म्हणून मीही कालच गेले. सकाळची मुलं सोडली आणि बस शेरीफच्या ऑफिससमोर उभी केली. टेबलावर वेड मॉकबी होता. सात वर्षं माझ्या बसमधून शाळेत गेलेला, आता बिल्ला लावून बसतो. म्हणाला, “ड्रीमाबाई, काय झालं, कुणी धडक दिली का?” मी म्हटलं, वेड, चौऱ्याण्णव सालचं एक कार्ड काढ आणि माझी बोटं घे.

त्याने दोनदा विचारलं की मला नक्की हेच करायचंय का. मग बिचाऱ्याने माझी बोटं एकेक करून टेकवली. ठसे जुळले. पहिल्याच झटक्यात. तुझ्यासारखं नाही.

शेरीफने तुझ्या मंडळाला दुपारीच कागद पाठवले. तुझ्या बैठकीच्या आत पोचले की नाही माहीत नाही. बसच्या साहेबांनाही मीच सांगितलं. त्यांनी हात पुढे केला, आणि मी किल्ल्या दिल्या. दुपारची मुलं दुसऱ्या कुणीतरी नेली.

कॅसीला फोनवर सांगितलं. एकवीस वर्षांची झालीये आता. ती म्हणाली, “मॉम, मावशीला आधी सांगायचं होतंस.” तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं.

आता त्यांनी पुन्हा बोलावलं तर फक्त खरं सांग. ते तुला जमेल.

ड्रीमा

•

कोल्स बेंड
९ जून

प्रिय ड्रीमा,

आपली पत्रं वाटेत एकमेकींना ओलांडून गेली. एक भांडं, दोन कबुल्या. मंडळाच्या इतिहासात असं झालेलं नाही, असं मिसेस पेल म्हणाल्या. त्यांनी मला पुन्हा बोलावलं.

“तुम्ही शपथेवर खोटं बोललात?”

“हो.”

“आपण म्हातारीला मारलं असं खोटं?”

“हो.”

अध्यक्षांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, वीस वर्षांत लोक या खोलीत मारलं नाही असं खोटं बोलत आले, मारलं असं खोटं बोलणारी तुम्ही पहिल्या. मग ते पाऊण तास आत बसले.

निकाल असा. मारहाणीची नोंद माझ्या नावावरून निघाली. गवत कापायच्या गाडीची त्यांनी इथल्या शेरीफकडे चौकशी केली, तिथे एका अक्षराची नोंद नाही. चौदा वर्षं मी फुकट घाबरले. लायसन्स मिळालं, कुठलीही अट नाही. पण शपथेवर खोटं बोलल्याबद्दल जाहीर ठपका, आणि तो त्यांच्या वेबसाइटवर माझ्या नावापुढे कायमचा राहणार. कुणीही बघू शकतं. मी स्वतः दोनदा बघितला. शेहेचाळीस वर्षांत माझ्या नावावर जे पहिलं खरं लागलं ते हे.

एल्म रिजच्या व्यवस्थापकबाईंनी तो वाचला आणि विचारलं, बहिणीसाठी? म्हटलं, वकिलाच्या सल्ल्याने. त्या म्हणाल्या, सोमवारी सात वाजता या.

तुझं बाराचं पत्र वाचून मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्या रडले. नंतर तुला शिव्या दिल्या. नंतर पुन्हा रडले. एकच दिवस आधी सांगितलं असतंस तर माझा ठपका वाचला असता, आणि मी एकच पत्र टेबलावर ठेवलं असतं तरी मी वाचले असते. आपल्याला सरळ रस्त्याने जाताच येत नाही. तुझ्या किल्ल्या तुला परत मिळाव्यात असं मला अगदी आतून वाटतं.

ट्वायला

•

बकहॉर्न फोर्क
२० जून

ट्वायला,

सोमवार कसा गेला ते सविस्तर लिही. कुणाला काय शिकवलंस, कोण तुझ्यावर खेकसलं, सगळं.

इथे माझ्यावर खटला नवा झाला नाही, न्यायाधीशाने जुनी शिक्षा माझ्या नावावर चढवली आणि खोट्या नावाबद्दल दंड केला. मी आता शाळेच्या बसगाड्या धुते. आतून. ते सँडविच कुठलं होतं हे शेवटी कळलं, मला त्याबद्दल बोलायचं नाहीये. काही मुलं सुट्टीतही सायकलवरून येतात आणि विचारतात, परत कधी चालवणार? मी म्हणते, मोठी माणसं ठरवतायत.

मोठी माणसं अठरा जुलैला ठरवणार आहेत. त्यासाठी फॉर्म आलाय. या वेळी ‘कधी शिक्षा झाली आहे का?’ पुढे ‘हो’ लिहिलं. लिहायला एवढंसं असतं ते. त्याखाली एक जागा आहे, माझ्या वागणुकीची खात्री देईल अशा एका माणसाचं नाव आणि पत्ता. साहेब म्हणाले, पास्टरचं दे, नाहीतर मुख्याध्यापकांचं, ज्यांच्यावर काही ठपका नाही असं कुणीतरी.

मला तिथे तुझं नाव लिहायचंय. ट्वायला योस्ट हॅकवर्थ, पूर्ण. ठपक्यासकट.

लिहू का? अजून लिहिलेलं नाही. या वेळी आधी विचारतेय.

ड्रीमा